ॲट मोस्ट दोन

मंगळवार, रात्री अकरा

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या चाचणीचे बेचाळीस पेपर आत्ता तपासून संपले. तिसरा प्रश्न मुलांना गुण मिळावेत म्हणून मुद्दाम सोपा घातला होता. पाच बल्ब, प्रत्येक खराब निघण्याची संभाव्यता ०.१, तर ‘ॲट मोस्ट’ दोन खराब असण्याची संभाव्यता किती? उत्तर ०.९९१४४. अठरा जणांनी ०.०८१४६ लिहिलंय, सात जणांनी ०.०७२९. या पंचवीस जणांत आकडेमोड एकाचीही चुकलेली नाही. अठरा जणांनी ‘कमीत कमी दोन’चं गणित केलंय, सात जणांनी ‘बरोबर दोन’चं. बायनोमियल, म्हणजे अशी संभाव्यता काढायचं सूत्र, सगळ्यांना येतंय. घोडं अडलंय ते दोन इंग्रजी शब्दांपाशी.

गुण कापले. विद्यापीठाचा पेपर इंग्रजीतच येतो, तिथला परीक्षकही कापणारच. पण मी नक्की काय तपासलं, हे मनातून जात नाही.

बुधवार

आज वर्गात तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारला. ‘जास्तीत जास्त दोन खराब’ म्हणजे कोणकोणत्या शक्यता? मागच्या बाकांवरूनसुद्धा उत्तर आलं, ‘शून्य, एक आणि दोन, मॅडम!’ काल ०.०८१४६ लिहिणारा मुलगा आपला पेपर उघडून बराच वेळ बघत बसला.

दुपारभर माझ्या स्वतःच्या शिकवण्याचा विचार करत होते. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, आणि आता एकवीस वर्षं इंग्रजीतून शिकवतेय. माझं इंग्रजी चुकत नाही. पण ‘समजलं नाही’ असं कोणी म्हटलं की इंग्रजीत मी तेच वाक्य पुन्हा म्हणते, जरा सावकाश. मराठीत मला त्याच गोष्टीच्या चार वाटा सुचतात. ‘वुई फेल टू रिजेक्ट द नल हायपॉथेसिस’, म्हणजे मूळ गृहीतक नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय आणि मुलं वर्षानुवर्षं ‘ॲक्सेप्ट’ लिहितात, जणू गृहीतक खरंच ठरलं. गेल्या वर्षी एकदा सहज तोंडून गेलं, ‘अरे, पुराव्याअभावी सुटला म्हणून काही त्याने गुन्हा केलाच नाही हे सिद्ध होतं का?’ एवढ्यावर भागलं. रोज पेपरात वाचलेलं असतं ते.

गुरुवार

संख्याशास्त्रज्ञ फिशरचा चहाचा प्रयोग शिकवला. १९३५ सालच्या पुस्तकातलं उदाहरण. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणतात. आठ कप, चार असे नि चार तसे. पहिल्याच मिनिटाला एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण दूध तर चहात उकळतात ना?’ तिचं खरंच होतं. उदाहरण बदललं: आठ भाकरी, चार चुलीवरच्या, चार गॅसवरच्या, आणि डोळे बांधलेली आजी. आठातून चार निवडायचे सत्तर प्रकार, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळं बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. मग वर्गात आजीवरून वाद सुरू झाला. एखादी भाकरी चुकली तरी चालेल का? आणि दोन? जे मी इंग्रजीतून दोन तासांत पोचवते, ते त्यांनी स्वतःच विचारलं.

फिशर १९३३ पासून लंडनच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, तिथूनच आपले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे १९३६ साली डॉक्टरेट झाले, हेही सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. एक मुलगा उठलाच, ‘मॅडम, माझं आजोळ पुसेगाव, बुध तिथून जवळच!’ आपल्या गावाशेजारचा माणूस या विषयात होता, याचं त्याला आज काय वाटलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण वर्ग सुटल्यावर दोघीजणी थांबल्या. कर्नाटक सीमेपलीकडच्या, बारावीपर्यंत मराठीशी संबंध नाही. आमच्या गडहिंग्लजला अशा मुली नवीन नाहीत. त्यांतली एक हळूच म्हणाली, ‘मॅडम, भाकरीचं कळलं. नंतर सगळे भरभर बोलले ते नाही कळलं.’ दोन दिवस मी मराठीच्या आनंदात होते. या दोघींसाठी मीच परक्या भाषेत शिकवत होते, आणि त्या पहिल्या बाकावर बसून मान हलवत होत्या.

शुक्रवार

इंग्रजी टाळून चालणार नाही. पुस्तकं इंग्रजीत, सॉफ्टवेअर इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. म्हणून आज पहिली वीस मिनिटं बल्ब नाहीत, भाकरी नाहीत, फक्त शब्द. ॲट मोस्ट, ॲट लीस्ट, मोअर दॅन, नॉट मोअर दॅन. प्रत्येकासमोर चिन्ह, त्याखाली संख्यारेषा, मग मराठी. हे बी.एस्सी.च्या वर्गात शिकवायचं नसतं असं मला आजवर वाटत होतं.

‘जास्तीत जास्त’ लिहून झाल्यावर खडू काल हळूच बोललेल्या त्या मुलीच्या हातात दिला. तिने खाली कन्नडमध्ये लिहिलं आणि वाचून दाखवलं: हेच्चेंदरे. सगळ्या वर्गाने म्हटलं. मी म्हटलं तेव्हा तिने मान हलवली, ‘च’वर जोर हवा म्हणाली. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा हसली आणि ‘बरोबर’ म्हणाली.