मेहलावर मेहल : तिसऱ्या वर्षाची नोंद

कुमाऊँत मेहलाचं, म्हणजे रानटी नाशपातीचं, रोप लावताना कुणी पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला : कलम कशाचं करणार? नाशपातीचा खुंट, म्हणजे जिच्यावर कलम बांधतात ती खालची मुळाची बाजू, एवढीच याची ओळख. गढवालात मेलू, हिमाचलात कैंथ किंवा शेगल, शास्त्रीय नाव पायरस पाशिया. डेव्हिड डॉनने 1825 साली नेपाळच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते छापलं, तेव्हापासून चालत आलंय. हिमालयाच्या मधल्या पट्ट्यात बांधावर, ओढ्याकाठी, बांजाच्या (डोंगरी ओकच्या) जंगलाच्या कडेला हे आपोआप उगवतं. मला ते फळासाठीच हवं होतं.

पाणवठ्याच्या वाटेवर एक जुनं झाड आहे. फळ लिंबाहून लहान, तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके. कच्चं तोंडात टाकलं तर जीभ आकसते. डिसेंबरात ते काळं, मऊ पडतं, कुजल्यासारखं दिसतं आणि तेव्हाच खायचं. इतर झाडांची फळं तेव्हाही वाळूसारखी कचकचतात, याचा गर मात्र खजुराकडे झुकणारा. पहिल्या वर्षी मी याच झाडाच्या बिया धरल्या. ती चूक होती असं म्हणत नाही, पण बीपासून आईसारखं झाड मिळत नाही. फळ धरायला परागकण बहुतेक दुसऱ्या झाडाचे लागतात, त्यामुळे प्रत्येक रोप निराळं. शिवाय बीच्या झाडाला फळ यायला वर्षानुवर्षं जातात.

बियांचं थोडक्यात : गर धुऊन काढला, पाण्यावर तरंगल्या त्या टाकल्या, उरलेल्या ओलसर वाळूत फ्रिजमध्ये चाळीस दिवस. गारवा मिळाल्याशिवाय हे बी जागं होत नाही. 60 पैकी 41 उगवल्या, 8 रोपं कोलमडली. पाणी जास्त घातलं, दुसरं काही नाही. सोटमूळ भराभर खाली जातं, पिशवीच्या तळाशी वेटोळं करतं. म्हणून दुसऱ्या हिवाळ्यातच, पानं गळलेली असताना, रोपं जागेवर लावली. नंतर हलवायच्या भानगडीत पडू नका. तरी सात रोपं साळिंदराने मुळासकट खाल्ली. आता बुंध्याभोवती जाळी आहे.

या वर्षी त्याच जुन्या झाडाच्या काड्या आणल्या, म्हणजे बीच्या रोपांवर तेच झाड, तेच फळ मिळेल. जानेवारीअखेर, कळ्या झोपलेल्या असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या. ओल्या कापडात गुंडाळून थंडीत ठेवल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खुंटात रस चढायला लागल्यावर जिभली कलम बांधलं : काडी आणि खुंट दोघांना तिरका काप, त्यात जिभेसारखी खाच, आणि दोन्ही एकमेकांत अडकवायचे. शेजारच्या आमा बांधावर बसून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "मेहलावर मेहलच बांधतोयस? मग बांधतोस कशाला, बेटा?" गावात याचं उत्तर अजून कुणाला पटलेलं नाही.

14 कलमं बांधली, 9 लागली. न लागलेल्या पाचांपैकी तीन शेवटी बांधलेली. बोटं गारठली होती, चाकूही बोथट झाला होता, आणि काप सपाट झाला नाही की दोन सालींमध्ये फट राहते. ती फट वरून कितीही पट्टी आवळली तरी भरत नाही. पुढच्या खेपेला दर चार कलमांनंतर धार लावायची.

एक गंमत मात्र ज्यांनी खुंटावर काम केलंय त्यांनी जरूर बघावी. कलमाच्या खालून फुटवे येतात आणि वरचं कुठलं, खालचं कुठलं असा गोंधळ होतो. मेहलावर नाशपाती असेल तर पान ओळखता येतं, मेहलावर मेहल असेल तर काय? पण लहान रोपाची पानं खाचा पडलेली असतात, काही चक्क तीन पाळ्यांची. वयात आलेल्या झाडाचं पान साधं, अंडाकृती, कडेला बारीक दाते. माझी काडी म्हाताऱ्या झाडाची, तिची पानं सुरुवातीपासूनच साधी. म्हणजे खाचेचं पान दिसलं की फुटवा खुंटाचा, खुडून टाका. खालच्या फुटव्यांना काटेही जास्त आहेत, बोटांवर पुरावा आहे.

मार्चअखेर नऊपैकी एका काडीवर फुलकळी निघाली. काड्या निवडताना ती नजरेतून सुटलेली. पाच-सहा फुलं, पाकळ्या पांढऱ्या, आत लालचुटूक परागकोश. सांधा नीट भरायच्या आधी फळाचं ओझं नको म्हणून दोन दिवस बघून घेतली आणि नखाने खुडली.