परवाना स्पीकरचा, परवाना गाण्याचा

आमच्या पेठेच्या फुटबॉल स्पर्धेचा जमाखर्च गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या वहीत मैदानाचे भाडे असते, पंचांचे मानधन असते, रुग्णवाहिका, चुन्याची फक्की, चषक, हार-नारळ आणि पाण्याचे बॉक्स असे सगळे असते. ज्या गोष्टीमुळे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा प्रेक्षक सामना सुरू होण्याआधीच उठून उभा राहतो, तिच्या नावे मात्र एक रुपयाही कधी खर्ची पडला नव्हता. ती गोष्ट म्हणजे संघ मैदानात उतरताना लागणारी सिनेमाची धून. मागच्या हंगामात याच धुनेने आम्हाला अडचणीत आणले आणि त्या निमित्ताने मला कॉपीराइटचा कायदा वाचावा लागला.

झाले ते असे. अंतिम सामन्याला दोन्ही संघ रांगेने बाहेर येत असताना आमच्या साऊंडवाल्याने ‘आय ऑफ द टायगर’ लावले. 1982 च्या ‘रॉकी थ्री’ या मुष्टियुद्धावरच्या चित्रपटासाठी सर्व्हायव्हर या बँडने केलेले हे गाणे चित्रपट न पाहिलेल्यांनाही सुरुवातीच्या गिटारच्या ठोक्यांवरून ओळखू येते. पहिल्या गोलला ‘चक दे इंडिया’ झाले, दुसऱ्या गोलला ‘झिंगाट’ झाले आणि बक्षीस समारंभात पुन्हा तोच वाघ आला. सामन्याचे थेट प्रक्षेपण आम्ही इंटरनेटवर करत होतो. रात्री ठळक क्षणांचा व्हिडिओ चढवला आणि सकाळी पाहतो, तर दोन्ही गोलांच्या वेळचा आवाज गायब. चेंडू जाळ्यात जातो आहे, हजारो माणसे तोंड उघडून उड्या मारत आहेत आणि सगळे मुक्यानेच चालले आहे. ज्यांचा फलक नेमका त्या गोलपोस्टमागे होता, त्या प्रायोजकांचा फोन नऊच्या आत आला.

साऊंडवाल्याला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, “काका, पोलिसांचा परवाना फाईलला आहे की!” माझीही तोवर समजूत तीच होती. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, स्पीकर किती, वेळ काय ते लिहायचे, रात्री दहाच्या आत बंद करण्याची हमी द्यायची आणि शिक्का मारून घ्यायचा. पण तो परवाना आवाजाचा असतो. त्या आवाजातून कोणाची मालमत्ता बाहेर पडते, याच्याशी पोलीस ठाण्याचा तो कागद संबंध ठेवत नाही.

आणि मालमत्ता एकाची असती, तर प्रकरण सोपे होते. गाणे एक वाटते, पण कॉपीराइट कायदा, 1957 त्याच्याकडे तीन गोष्टी म्हणून पाहतो. शब्द हे साहित्य, चाल ही संगीतरचना आणि स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती. शब्दांविना नुसती पार्श्वधून असेल तर दोन उरतात. यांपैकी प्रत्येकावर वेगळा हक्क असतो आणि सार्वजनिक ठिकाणी ती कृती लोकांना ऐकवणे हा त्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे साऊंडवाल्याने पेनड्राईव्हवरून गाणे लावले की तिन्ही हक्कांचा प्रश्न येतो आणि बँडवाल्यांनी तेच गाणे पिपाणीवर वाजवले, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, शब्दही गायले गेले नाहीत म्हणून बाजूला राहतात, पण चाल ज्याची आहे त्याचा हक्क तसाच राहतो.

येथे मला आमच्या गल्लीतल्या बँडची गंमत वाटते. हाच बँड हीच धून लग्नाच्या वरातीत वाजवतो, तेव्हा कायद्याची हरकत नाही, कारण कलम 52 मध्ये धार्मिक विधींसाठी सूट आहे आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ त्यात धरावेत, असे स्पष्टीकरण तिथेच दिले आहे. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै 2023 मध्ये सूचना काढून त्याची पुन्हा आठवणही करून दिली. वरात संपवून तोच बँड त्याच गणवेशात स्टेडियमवर आला की मात्र सूट संपली. फुटबॉल हा कोल्हापुरात धर्मच आहे, हा युक्तिवाद आमच्या बैठकीत दोघांनी गंभीरपणे मांडला. तो कोणत्याही न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही.

दुसरी पळवाट सरकारी कार्यक्रमाची सुचवली गेली. सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या अधिकृत समारंभाला सूट आहे हे खरे, पण मंत्र्यांच्या हस्ते नारळ फुटला म्हणून आमची स्पर्धा सरकारी होत नाही. तिसरी पळवाट जरा विचार करण्याजोगी आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता जमवलेल्या प्रेक्षकांसमोर एखादी रचना सादर केली, तर तो हक्कभंग होत नाही आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यालाही वेगळी सूट आहे. आम्ही नफ्यासाठी नाही हे माझी वही सांगेल, कारण दरवर्षी तूटच असते. पण आमच्याकडे तिकीट आहे, प्रायोजकांचे फलक आहेत आणि प्रक्षेपण आहे. अशा वेळी ‘आम्ही हौशी’ हे वाक्य किती ताणायचे, याचा विचार ज्याने त्याने करावा. कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिला आहे, हे वाचल्यावर माझा तरी ताणण्याचा उत्साह कमी झाला.

‘जुने गाणे लावा, त्याला मालक नसतो’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो आणि हे दोन्ही काटे पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट 1959 चा, म्हणून त्यातल्या ‘बुगडी माझी सांडली गं’च्या मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत 2019 अखेर संपली, पण गदिमा 1977 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 संपेपर्यंत आहे. याउलट, 1932 मध्ये प्रभातने याच कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला, त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. टेंबे 1955 मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या चाली 1 जानेवारी 2016 पासून सर्वांच्या झाल्या. ज्या गावाने मराठी बोलपट घडवला, त्या गावाच्या मैदानावर त्या बोलपटाचे संगीत फुकट वाजवता येते. मी बैठकीत हे अभिमानाने सांगितले. कॉर्नर किकच्या वेळी नाट्यसंगीताच्या वळणाची चाल लावायची का, असा प्रश्न आला आणि विषय तिथेच संपला.

मग पैसे भरायचे कोणाकडे? शब्द आणि चाल यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही 1969 पासूनची संस्था परवाना देते. ध्वनिमुद्रणासाठी कंपन्यांच्या संस्था वेगळ्या आहेत आणि काही कंपन्या स्वतःच देतात. यात मला जी गोष्ट मोलाची वाटली ती अशी की, हा पैसा पूर्वी संगीतकारापर्यंत पोहोचेलच असे नव्हते. याच सोसायटीच्या खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करून घेतले आणि वेगळा करार नसला तर हक्क निर्मात्याचा. पस्तीस वर्षांनी, 2012 मध्ये, संसदेने कायदा बदलला. त्या बदलासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी किती जोर लावला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले, तर रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. आमच्या गोलनंतरचे वीस सेकंद त्या वाट्यात मोडतात.

हे सगळे भरले तरी व्हिडिओचा प्रश्न सुटत नाही, हे मला सर्वांत उशिरा कळले. मैदानावर ऐकवण्याची परवानगी वेगळी आणि चित्राला ध्वनी जोडून तो व्हिडिओ लोकांसमोर ठेवण्याची परवानगी वेगळी. आम्ही गाणे मुद्दाम जोडले नव्हते, कॅमेऱ्याच्या माइकने ते उचलले होते. पण आवाज जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेला हेतू कळत नाही.

याबाबतीत मोठ्यांचीही फजिती होते. फिगर स्केटिंगमध्ये 2014 च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतर एकेरी आणि जोडी प्रकारांतही शब्द असलेली गाणी चालू लागली आणि खेळाडू लोकप्रिय गाण्यांकडे वळले. बीजिंगच्या 2022 च्या ऑलिम्पिकच्या वेळी एका बँडने आपली रचना विनापरवाना वापरल्याचा दावा अमेरिकी जोडीवर, त्यांच्या संघटनेवर आणि प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीवर लावला. 2026 मध्ये मिलानला तर स्पेनच्या ग्वारिनो साबाते याला, हंगामभर ज्या ‘मिनियन्स’च्या संगीतावर तो पिवळ्या सदऱ्यात नाचत होता, ते ऐन ऑलिम्पिकच्या तोंडावर वापरता येणार नाही असे कळले, बराच गवगवा झाल्यावर परवानगी मिळाली आणि तो त्याच संगीतावर खेळला. आमच्या बाजूने जगभर गवगवा होण्याची शक्यता नव्हती.

या वर्षी आम्ही दोन बदल केले. मिक्सरमधून दोन वाटा काढल्या; गाणी फक्त मैदानाच्या स्पीकरला, समालोचन आणि गर्दीचा माइक प्रक्षेपणाला, आणि गर्दीचा माइक स्पीकरपासून लांब, गोलपोस्टमागच्या जाळीला बांधला. तरी थोडे गाणे झिरपतेच, म्हणून संघ मैदानात उतरताना सिनेमाची धून बंद केली आणि हलगी, घुमके, कैताळ बोलावले. खासबागेत पैलवान आखाड्यात उतरतो तेव्हा जे वाजते तेच. त्या पारंपरिक ठेक्याला कोणी एक कर्ता नाही, म्हणून परवान्याचा प्रश्न नाही, असे मी बैठकीत ठासून सांगितले आणि वहीत त्यांची सुपारी चढवली.

घरी येऊन कायदा पुन्हा चाळला, तेव्हा कलम 38 पुढे आले. ठेका कोणाचा नसला तरी वाजवणे वाजवणाऱ्याचे असते. वादकालाही आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे आणि त्याच्या संमतीशिवाय ते मुद्रित करून प्रसारित करता येत नाही. म्हणून सामन्याच्या दिवशी चार ओळींचे संमतीपत्र घेऊन मी ड्रेसिंग रूममागे गेलो. तिथे वर्तमानपत्राच्या जाळावर हलगी शेकवणे चालले होते. वयाने मोठे असलेल्या वादकांनी मला ते मोठ्याने वाचायला लावले आणि मग विचारले, “म्हणजे उद्या आमचं वाजवणं कुणी दुसऱ्यानं त्याच्या व्हिडिओला लावलं, तर आमाला इचारायला पायजे?” मी हो म्हणालो. त्यांनी हलगीवर टिचकी मारून कातडे ताणले आहे का ते पाहिले, सही केली आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवण्यासाठी मागून घेतली.