८८ पट्ट्यांचं टेबल

बाजारातली कॉम्प्युटर टेबलं बहुतेक चार फुटांची आणि माझा वाजवायचा, पियानोसारखा ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड सव्वाचार फुटांच्या वर. म्हणजे सुताराला बोलावणं आलंच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिमीचं प्लाय आणलं.

सगळा जीव उंचीत असतो. ट्रे खाली घेतला की गुडघे आपटतात, वर घेतला की खांदे चढतात. मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवलं, कोपर काटकोनात धरायला लावलं आणि पेन्सिलीने थेट भिंतीवर खूण केली. "दादा, इथं पट्ट्या यायला पाहिजेत, ट्रे नाही." टेपपेक्षा हे बरं!

आवाजाची यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवायच्या खणाला, म्हणजे रॅकच्या गाळ्याला, आतून १९ इंचांपेक्षा सूतभर जास्त सोडलं, कारण १९ इंच हे यंत्राच्या पुढच्या पट्टीचं, दोन्ही बाजूंच्या स्क्रू लावायच्या कानांसकट माप. वायरींसाठी मागची फळी लावलीच नाही.

स्पीकर टेबलावर नकोत, यावर मी अडून बसलो. टेबलावरून आवाज उसळतो आणि मधले स्वर गढूळ होतात. वेगळे स्टँड केले, ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत.

पॉलिश दिवाळीच्या सुमारास. दमट हवेत ते पांढरं पडतं, असं मिस्त्री म्हणाले.