फॉरमॅट न मारता उबुंटू परत उभं केलं

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर जाताना अपग्रेड मधेच एरर देऊन थांबलं आणि रीस्टार्टनंतर काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलच अडकलेला: रूट फाइल सिस्टिम (मुख्य सिस्टिम असलेला डिस्कचा भाग) माउंट होत नाही, जोडलीच जात नाही. लॅपटॉपमध्ये दिंडोरीच्या मामांच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या सगळ्या नोंदी होत्या. एक्सपोर्टच्या मालाला कुठलं औषध कधी मारलं हे दाखवावंच लागतं. मामांचा फोन आलाच, “अरे, वह्या तर तुझ्या भरवशावर बंद केल्या ना!”

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात विचारलं. “भाऊ, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, तासाभरात घेऊन जा.” लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो.

हा पॅनिक दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा डेटाला धक्काही लागलेला नसतो. नव्या कर्नलला डिस्क उघडून जोडण्यासाठी सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएसची फाइल तयार झालेली नसते, एवढंच. ग्रबच्या, म्हणजे सुरू होतानाच्या मेनूच्या, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला, तर डिस्कचा पासवर्ड विचारला गेला, पण लॉगिनच्या आधीच सगळं थिजलं. अर्धी पॅकेजं जुनी, अर्धी नवी. दुसरं काय होणार?

मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर २४.०४ चा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच उबुंटू चालतं) बनवला आणि ‘ट्राय उबुंटू’मधून आत शिरलो. डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, त्यामुळे क्रिप्टसेटअप कमांडने उघडली, डिस्कचे आतले भाग सांभाळणारं एलव्हीएम चालू केलं. पहिलं काम म्हणजे होम फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॉपी संपल्यावर मामांना “नोंदी आहेत” एवढा मेसेज टाकला, तेव्हा कुठे चहा प्यायलो.

त्यानंतर रूट, बूट आणि ईएफआय पार्टिशन जागच्या जागी माउंट केली, डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे लाइव्हमधले चारही सिस्टिम फोल्डर तिथे बाइंड केले, म्हणजे जोडले, आणि सीएचरूट करून बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरलो. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड मारताच चोर सापडला: बूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलमध्ये बूट वेगळं आणि आटोपशीर असतं. जुने कर्नल साचले की नव्या फाइलीला जागाच उरत नाही. अर्धवट अवस्थेत पॅकेजं टाकणारं-काढणारं एप्ट काही काढूही देईना, म्हणून सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी (म्हणजे इनिटरॅमएफएसचीच) फाइल हाताने होममध्ये हलवली. मग अर्धवट पॅकेजं पुरी करणाऱ्या कमांड: डीपीकेजी कॉन्फिगर, फिक्स ब्रोकन, फुल अपग्रेड, याच क्रमाने. पॅकेजं सरसर सेट होताना बघण्यात वेगळीच मजा आहे, खरं सांगतो.

एक बारीक खोच मात्र कुणी सांगत नाही. लाइव्हमधून डिस्क उघडताना मॅपरला, म्हणजे उघडलेल्या डिस्कला, जे नाव द्याल, ते तुमच्या क्रिप्टटॅबमधल्या (एन्क्रिप्टेड डिस्कची नावं असलेल्या फाइलमधल्या) नावाशी तंतोतंत जुळायला हवं. फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून उघडली तर ‘लुक्स’ने सुरू होणारं लांबलचक नाव पडतं, मग नव्या इनिटरॅमएफएसमध्ये डिस्क उघडण्याची सोयच न येण्याची शक्यता, आणि बूट करताना पासवर्ड विचारलाच जात नाही. मी क्रिप्टटॅबमधलं नाव पाहून डिस्क बंद करून परत उघडली, मगच अपडेट इनिटरॅमएफएस आणि अपडेट ग्रब चालवलं.

रीस्टार्ट. पासवर्ड विचारला, लॉगिन आलं. जुने कर्नल ऑटोरिमूव्हने काढून टाकले. अपग्रेडमध्ये बाहेरच्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून येतं ती ठिकाणं) आपोआप बंद होतात, त्या एकेक तपासून चालू केल्या. प्रिंटर तेवढा अजून रुसलेला आहे. मामांना नोंदींची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली.