न्हाणीमागचा गवती चहा

न्हाणीच्या पाण्यावर आमचा गवती चहाचा ठोंब पाच-सहा वर्षांत असा माजला, की विहिरीवर जाताना त्याच्या पाती पोटऱ्या ओरबाडायच्या. बाहेरून हिरवागार, पण मधोमध नुसतं वाळकं भुसकट. चहाला पूर्वीसारखा वासही येईना. दोन कपांना चार-पाच पाती लागायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "फोडून लाव आता."

गेल्या वर्षी हाच उद्योग मी मे महिन्यात केला होता. रत्नागिरीचा मे! कडेचे बारा फुटवे काढून लावले, दोन वेळा पाणी घातलं, तरी दहा वाळून गेले. म्हणून यंदा मृगाची वाट पाहिली. चार सरी पडून जमीन गार झाल्यावरच पारय, म्हणजे पहार, काढली.

आधी काठीने ठोंब सगळीकडून बडवला. जांभ्या दगडांच्या गडग्यालगत (कुंपणाच्या बांधालगत) फुरशासारखा विषारी साप असू शकतो, न बघता हात घालायचा नाही. निघाले मुंगळे. मग लांब बाह्यांचा शर्ट घालून पाती वीतभर ठेवून छाटल्या आणि कडेने पारय घालून दोघांनी गड्डा उचकटला. घमेल्यात मावेना.

पुढचं काम मात्र मला फार आवडलं. मागच्या पायरीवर बसून एकेक फुटवा बुडाशी धरायचा, खाली दाबून बाजूला ओढायचा. कट्‌ करून मुळांसकट सुटतो. वरची सुकी सालपटं सोलली की आत पांढरट, टणक बुंधा. सगळं परसू लिंबासारखं घमघमलं. आपल्याकडचा गवती चहा सहसा फुलतच नाही, मग बी कुठलं? वाढवायचा तो असाच.

दोन-दोन फुटवे, दोन-अडीच फुटांवर, चार बोटं खोल लावले. सवयीने मी भोवती आळी करायला लागले तशा सासूबाई ओरडल्या, "भात लावत्येस काय?" तोवर चार आळी झाली होती, मोडायचा कंटाळा केला. जुलैच्या पावसात त्यांत पाणी साचलं आणि ते चारही बुडाशी काळे पडून हातात आले. उंचवट्यावरच्यांना मात्र पंधरा दिवसांत कोवळी पात फुटली होती.

उरलेले फुटवे शेजारच्या काकूंनी नेले. मधला वाळका गाभा माडाच्या बुंध्याशी टाकला. नवरात्रात नव्या ठोंबाच्या पहिल्या पाती तोडल्या. दोन कपांना दोन पुरल्या.