सुंभाचा पीळ

दहावीत बाईंनी डीएनए शिकवला तो आमच्या घरच्या सुंभावर. वेंगुर्ल्यात तिन्हीसांजेला आजोबा पडवीत सुंभ वळत बसायचे. दिवे गेले तरी हात थांबत नसे. काथ्या कुठे संपला, जोड कुठे द्यायचा, सगळं अंधारात. विचारलं की म्हणत, "डोळे कित्याक व्हये? बोटांका कळता."

बाईंनी दोन पेड दाखवले. जनुकांचा मजकूर पेडांच्या आत, ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांच्या ए-टी आणि जी-सी अशा जोड्यांत. काही प्रथिनं त्यावर बसून जनुक बंद करतात, असंही सांगितलं. मी विचारलं, "प्रथिनाला आपली जागा कशी कळते? दर वेळी पीळ उकलून बघतं?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." तो प्रश्न त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि आठवडाभर कुणाला पुसू दिला नाही. शिक्षकाने वर्गासमोर असं म्हणणं किती मोठं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

उत्तर पुण्यात, एमएस्सीला मिळालं. पीळ उकलावाच लागत नाही! पीळ बसताना बाहेरून दोन खाचा पडतात, एक रुंद, एक अरुंद, आणि जोड्यांच्या कडा त्यांच्या तळाशी उघड्या राहतात. रुंद खाचेत ए-टी, टी-ए, जी-सी, सी-जी या चारही कडा वेगवेगळ्या लागतात. थायमिनपाशी, म्हणजे 'टी'पाशी, तर मिथाइल या छोट्या अणुगटाचा उंचवटाच. अरुंद खाचेत ए-टी आणि टी-ए यांत फरक करणं कठीण. म्हणून पुष्कळ नियामक प्रथिनं आपला मळसूत्री भाग रुंद खाचेत बसवतात. प्रथिनातलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल ग्वानिनला, म्हणजे 'जी'ला, दोन हायड्रोजन बंधांनी धरतं. ते वाचताना मला आजोबांची बोटं दिसत होती.

सुट्टीत थेट बाईंच्या घरी गेलो. गिल्बर्ट आणि म्युलर-हिल या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये वेगळा काढलेला लॅक रिप्रेसर सांगितला, असंच जनुक बंद करणारं एक प्रथिन. ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू, आणि जोड्या ४६ लाख! डीएनएच्या ऋण प्रभारामुळे तो कुठेही सैल चिकटतो, थोडा घसरतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. नेमका मजकूर लागला की घट्ट बसतो.

बाईंनी झोपाळ्याचा सुंभ बोटांत धरला, खाचेतून नख फिरवलं. "पण जवळपास सारखा मजकूर आणखी कुठे असेलच की. तिथे फसत नाही?"

"फसतो, बाई. पण तिथे फार वेळ टिकत नाही."

"किती वेळ?"

दिवेलागण झाली तरी आम्ही तिथेच होतो.