वीस मीटरच्या आत की शंभरच्या बाहेर?

पोर्तुगालचा पश्चिम किनारा शिडाच्या नौकेनं उतरायचा असेल तर उन्हाळ्यात वाऱ्याची तक्रार करायला जागा नाही. जून ते सप्टेंबर 'नोर्ताडा', म्हणजे उत्तरेचा वारा, पाठीशी असतो. अझोरेसवर जास्त दाब, तापलेल्या स्पेनवर कमी दाब, आणि दुपारी त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. सकाळी आठ-दहा नॉट (ताशी सागरी मैल) असलेला वारा चार वाजेपर्यंत पंचवीसवर जातो आणि रात्री पडतो. उलट दिशेनं, म्हणजे उत्तरेकडे जायचं असेल तर पहाटे इंजिनवर निघायचं आणि जेवणाच्या आत बंदर गाठायचं. दुसरा सोपा मार्ग नाही.

डोकं खातो तो प्रश्न वेगळाच: किनाऱ्यापासून किती लांब राहायचं?

२०२० पासून इथले ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, शिडाच्या नौकांची सुकाणू तोडताहेत. अधूनमधून नौका बुडतेही. ते खोल पाण्यात फिरतात, म्हणून वीस मीटर खोलीच्या रेषेच्या आत राहणं हा सगळ्यात विश्वासाचा उपाय. पण त्याच पट्ट्यात कोळ्यांचे सापळे दाट पेरलेले असतात. खुणेला कधी झेंड्याची काठी, तर कधी पाण्याच्या रंगाचा जुना प्लास्टिक कॅन. सापळे टाळायला शंभर मीटर खोलीच्या बाहेर जावं तर ऑर्कांच्या वाटेत. दोन्हींपासून सुटका देणारी रेषा नकाशावर नाही.

आमचं मत असं: दिवसाउजेडी आत, आणि रात्रीचा प्रवास शक्यतो नकोच. आत जाताना एकानं पुढे उभं राहून नजर ठेवायची. सूर्य समोर असला की कॅन दिसतच नाही, हे वेळ ठरवतानाच धरून चालायचं.

ऑर्का आलेच तर? आधी 'इंजिन बंद, शिडं खाली, सुकाणू सैल' असा सल्ला होता. आता स्पेनच्या अधिकाऱ्यांचा सल्ला आहे की थांबू नका, इंजिनवर उथळ पाण्याकडे निघा. माणसांनी कडेला उभं राहायचं नाही. रेडिओच्या चॅनेल १६ वर कळवायचं. सुकाणूच्या दांड्याचं सील फुटलं तर पाणी कुठून येईल ती जागा निघण्याआधी उघडून बघा, तिथं हात पोचतो का तेही. आणीबाणीचा टिलर, म्हणजे सुकाणू हातानं वळवायचा दांडा, एकदा बसवून पाहा. बऱ्याच नौकांवर तो लॉकरच्या तळाशी, सहा दोऱ्यांच्या खाली असतो. या ऑर्कांची संख्या पन्नासच्याही आत आहे, त्यामुळे त्यांना इजा होईल असं काहीही करायचं नाही.

सापळ्याचा दोर इंजिनच्या पंख्यात अडकला की पहिली चूक म्हणजे गिअर मागे टाकून सोडवायला बघणं. त्यानं फास आणखी आवळतो आणि शाफ्टवर ताण येतो. गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, शीड उतरवा. मग बोटहुकनं दोर वर ओढून ताण कमी करून कापा. जमलं नाही तर पाण्यात उतरायचं, पण नौकेला दोर बांधून आणि पाणी शांत असेल तरच. उन्हाळ्यातही हे पाणी सोळा-सतरा अंशांचं असतं, म्हणून वेटसूट हवाच. पाणी इतकं थंड का? उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि तळाचं वर येतं. सकाळचं धुकंही याच कारणानं पडतं.

आता नद्यांची तोंडं. फिगेइरा दा फोझला मोंदेगू नदी वाळूचा उंचवटा साठवते. लांब लाटेला तळ लवकर लागतो आणि ती उभी राहते. त्यात ओहोटीचं पाणी समोरून आलं की फुटतेच. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत शिरावं. लाटांची उसळ दोन मीटरच्या वर असेल तर आत जायचा विचार सोडावा. सिग्नलच्या काठीवर काळा गोळा टोकाला म्हणजे तोंड बंद, मध्यावर म्हणजे काही नौकांनाच परवानगी. रात्री हिरवा-लाल-हिरवा स्थिर दिवा म्हणजे बंद. मरीना चॅनेल ९ वर उत्तर देतात. तिथं विचारण्यात कमीपणा नाही.

अडलं तर नाझारे. गंमत अशी की तिथल्या टेकडीच्या उत्तरेला सर्फरांच्या राक्षसी लाटा, आणि दक्षिणेचं बंदर जवळजवळ सगळ्या हवेत खुलं. कारण एकच: समुद्राखालची खोल दरी थेट किनाऱ्याशी येते आणि बंदराच्या तोंडाशी लाटेला तळ मिळत नाही.

उतरायच्या जागांत आमची पहिली पसंती लेशोंइश. पोर्तोला मेट्रोनं जाता येतं, पण बंदराशेजारच्या मातोझिन्योशच्या गल्लीतच कोळशाच्या शेगडीवर मोठ्या मिठात माखलेली तारली भाजत असते. पेनीशला मच्छीमार बोटींच्या लाटांनी पाहुण्यांचा धक्का रात्रभर डोलतो. जाड फेंडर आणि रबराचे झटकाशोषक लावा, झोप मात्र गृहीत धरू नका. तरीही थांबा, किल्ल्यासाठी. हुकूमशहा सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते आल्वारो कुन्याल सोबत्यांसह इथून निसटले. २०२४ पासून तिथं संग्रहालय आहे.

कास्काइशच्या आधी काबो दा रोकापाशी वारा दरडीवरून कोसळतो, तेव्हा दोन रीफ आधीच बांधून ठेवा, म्हणजे शीड दोन टप्पे आखडून घ्या. नौका कास्काइशला ठेवून लिस्बनला ट्रेननं जावं, तासाच्या आत काइश दो सोद्रे स्टेशन.

सिनेशनंतर मात्र थेट साओ व्हिसेंट भूशिर, सुमारे सत्तावन्न सागरी मैल. सहा नॉटनं दहा तास. पहाटे निघालात तर टोक नेमक्या वाऱ्याच्या वेळी येतं. रात्री निघालात तर सापळे अंधारात. आम्ही उजाडताच निघायचं म्हणू. वारा मागचा आहे, तेव्हा मेनसेल (मुख्य शीड) कमी, बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे धरून ठेवणारा दोर, बांधलेला, नाहीतर उसळीत अवचित जाइब होऊन, म्हणजे शीड एकदम दुसऱ्या बाजूला फिरून, बूम डोक्यावरून जाईल. टोक वळलं की साग्रेसजवळच्या बालेइराच्या उपसागरात कड्याखाली नांगर टाका. झोत कड्यावरून खाली येतात, म्हणून साखळी नेहमीच्या दीडपट सोडा. पुढे दक्षिण किनाऱ्यावरच्या लागोसला मरीनाच्या अलीकडे पादचारी पूल आहे. चॅनेल ९ वर सांगा, तो उघडेपर्यंत स्वागताच्या धक्क्याला लागा.